'लंडन कॉलिंग'मधील सर्वोत्तम गाणी कोणती, हा वाद नीट कसा घालावा

द क्लॅश या लंडनच्या बँडचा 'लंडन कॉलिंग' हा दोन तबकड्यांचा अल्बम १४ डिसेंबर १९७९ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला, आणि त्यातील १९ गाण्यांपैकी सर्वांत चांगली कोणती यावर चाहते आजही तितक्याच हिरिरीने भांडतात. मी या वादात अनेक वर्षे मनापासून भाग घेत आलो आहे. माझा अनुभव असा की दोन जाणकार चाहते तासभर वाद घालूनही एकमेकांना काहीच नवे सांगू शकत नाहीत, कारण एक जण शब्दांविषयी बोलत असतो, दुसरा ठेक्याविषयी, आणि दोघेही त्याला 'सर्वोत्तम' हे एकच नाव देत असतात. हा वाद सकस व्हावा, त्यातून प्रत्येकाला निदान एक गाणे नव्याने ऐकू यावे, यासाठी काय करावे ते येथे लिहीत आहे.

आधी पूर्ण ऐका, आणि चार भागांत ऐका

वादाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा ऐकलेला असावा. आठवणीवर विसंबून राहू नये. एकूण वेळ सुमारे ६५ मिनिटे आहे. मूळ तबकड्यांच्या चार बाजूंवर अनुक्रमे ५, ५, ४ आणि ५ गाणी होती, आणि ही विभागणी कानाला कळावी म्हणून प्रत्येक बाजू संपल्यावर एकदोन मिनिटे शांत बसावे. आज बहुतेक जण सलग ऐकतात, त्यामुळे या सीमा पुसल्या जातात आणि त्यांच्यासोबत काही गाण्यांचे महत्त्वही पुसले जाते. 'द कार्ड चीट' हे तिसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे आहे. त्यातला पियानो आणि ब्रास वाद्यांचा भरगच्च नाद थांबल्यावर जी शांतता पसरते, ती त्या गाण्याचाच भाग आहे असे मला वाटते. लगेच 'लव्हर्स रॉक' सुरू झाले की तो परिणाम विरून जातो.

चौथ्या बाजूवर नेहमी अन्याय होतो, कारण तोपर्यंत ऐकणारा थकलेला असतो. त्यावर उपाय सोपा आहे: दुसऱ्या दिवशी थेट तिसऱ्या बाजूपासून ऐकायला सुरुवात करावी. 'आय'म नॉट डाउन' हे गाणे किती घट्ट बांधलेले आहे, हे मला अशा ऐकण्यातूनच कळले. त्यापूर्वी ते मी नेहमी अर्धवट लक्ष देऊन ऐकत असे.

सर्वांनी शक्यतो एकच आवृत्ती ऐकावी. २००४ साली निघालेल्या २५व्या वर्षाच्या आवृत्तीत पिमलिको भागातील व्हॅनिला स्टुडिओमधल्या तालमींचे ध्वनिमुद्रणही आहे. ते ऐकावे, पण त्यातील आवृत्त्यांना क्रमवारीत जागा देऊ नये. त्यांचा उपयोग पुराव्यासारखा करावा. उदाहरणार्थ, 'क्लॅम्पडाउन' तेथे 'वर्किंग अँड वेटिंग' या नावाने सापडते, आणि वाद्यांची बांधणी आधी उभी राहून शब्द नंतर आले हे त्यावरून कळते. ज्याला 'क्लॅम्पडाउन' केवळ त्याच्या राजकीय आशयासाठी श्रेष्ठ वाटते, त्याने ही तालीम ऐकून आपले मत पुन्हा तपासावे. शब्दांविनाही ते गाणे पुढे धाव घेते.

'सर्वोत्तम' म्हणजे काय ते आधी ठरवा

तीन प्रश्न वेगळे करावेत. शब्द आणि चाल या दृष्टीने सर्वांत चांगले रचलेले गाणे कोणते? सर्वांत चांगले वाजवलेले आणि ध्वनिमुद्रित झालेले कोणते? आणि ज्याला काढले तर हा अल्बम उभाच राहणार नाही, असे कोणते? या तिन्हींची उत्तरे क्वचितच एक येतात. माझ्यापुरते सांगायचे तर पहिल्याचे उत्तर 'डेथ ऑर ग्लोरी', दुसऱ्याचे 'द कार्ड चीट' आणि तिसऱ्याचे शीर्षकगीत आहे. 'मला सर्वांत आवडणारे कोणते' हा चौथा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रत्येकाने जरूर द्यावे, पण त्याचे समर्थन कोणाकडूनही मागू नये.

हा अल्बम पंक, म्हणजे वेगवान, कच्च्या नादाचे बंडखोर रॉक, आहे की नाही, या प्रश्नाला दहा मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. १९७७ च्या पहिल्या अल्बमचा वेग आणि करकरीत नाद ज्यांना हवा असतो, त्यांना येथील रॉकबिली (रॉक अँड रोलचा सुरुवातीचा, कंट्री संगीताकडे झुकणारा प्रकार), स्का आणि रेगे (दोन्ही जमैकन) आणि जॅझची छटा परकी वाटते, आणि ती खंत मला समजते. परंतु बँडमधले हे चौघे तेव्हा काय ऐकत होते, कोणाच्या मांडीला मांडी लावून वाजवत होते, तेही पाहावे. १९७९ च्या सुरुवातीच्या अमेरिकी दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर येणारा कलावंत बो डिडली होता. ज्याच्याकडून रॉक अँड रोलने आपला ठेका घेतला, त्याला स्वतः निवडून त्यांनी सोबत नेले होते. त्यामुळे 'हे पंक नाही, म्हणून कमी प्रतीचे' हा युक्तिवाद मान्य करू नये, आणि 'शैली बदलली, म्हणून थोर' हाही नाही. विचारायचे ते एवढेच की घेतलेल्या शैलीने त्या विशिष्ट गाण्याला काय दिले. 'राँग एम बॉयो'ला स्काने सारे काही दिले आहे. 'जिमी जॅझ'ला जॅझच्या सावलीने एक सैल, रेंगाळणारी चाल दिली, पण दोन-तीन वेळा ऐकल्यावर त्यात नवे फारसे सापडत नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्यांची गाणी वेगळ्या मापाने मोजा

अल्बममधील तीन गाणी मुळात इतरांची आहेत: 'ब्रँड न्यू कॅडिलॅक' व्हिन्स टेलरचे, १९५९ सालचे, 'राँग एम बॉयो' द रूलर्स या जमैकन गटाचे, आणि 'रेव्होल्यूशन रॉक' डॅनी रे याचे. यांच्यावर मत देण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रणे शोधून ऐकावीत, आणि रचनेचे गुण द क्लॅशच्या खात्यात टाकू नयेत. मोजायचे ते सादरीकरण.

या संदर्भात 'ब्रँड न्यू कॅडिलॅक'ची हकिगत सर्वांना ठाऊक असावी, कारण ती साऱ्या अल्बमची किल्ली आहे. हायबरी येथील वेसेक्स स्टुडिओत १९७९ च्या उन्हाळ्याअखेर ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा निर्माता म्हणून गाय स्टीव्हन्स होता. हा मनुष्य वादकांच्या आसपास खुर्च्या फेकत असे, शिडी हलवत असे. अचूकपणापेक्षा पेटलेपण त्याला मोलाचे वाटे. हे गाणे हात मोकळे करण्यासाठी म्हणून वाजवले गेले. ड्रमवादक टॉपर हेडन याची तक्रार होती की त्यात लय पुढे पळते, पण स्टीव्हन्सने तेच वाजवणे कायम ठेवले. आता ते कानात ठेवून ऐका. लय खरोखरच वाढते, आणि गाडी घेऊन निघून गेलेल्या मैत्रिणीचे ते गाणे नेमके तिथेच पकड घेते. लयीची ही धाव दोष आहे की गुण, यावर वाद घालावा. तो अत्यंत फलदायी असतो, कारण येथे दोन्ही बाजूंना आपले म्हणणे प्रत्यक्ष ऐकवता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. स्टीव्हन्सच्या वेडाच्या कथा इतक्या रंगतदार आहेत की ध्वनिमुद्रण अभियंता बिल प्राइस याचे काम विसरले जाते. गोंधळ खोलीत होता. तबकडीवर प्रत्येक वाद्य आपल्या जागी स्वच्छ ऐकू येते. 'द कार्ड चीट'मध्ये प्रत्येक वाद्य दोनदा मुद्रित करून तो मोठा, दाट नाद मिळवला आहे, आणि अशी गोष्ट नुसत्या उत्साहाने साधत नाही.

'आर्मागिडियन टाइम' कोणी यादीत घुसवू पाहत असेल, तर ते बाहेर ठेवावे. ते शीर्षकगीताच्या सिंगलच्या (सुट्या गाण्याच्या तबकडीच्या) मागच्या बाजूला होते, अल्बमवर नव्हते.

गायकांवरून तट पाडू नका

चाहत्यांत दोन तट हमखास पडतात: जो स्ट्रमरच्या खरखरीत, तुटक आवाजाचे भक्त आणि मिक जोन्सच्या सुरेल, हळव्या गायनाचे भक्त. या तटबंदीमुळे वाद लवकर नासतो, आणि ती वस्तुस्थितीलाही धरून नाही. 'लॉस्ट इन द सुपरमार्केट' हे जोन्सचे म्हणून ओळखले जाणारे गाणे स्ट्रमरने लिहिले. जोन्सचे बालपण कसे गेले असेल याची कल्पना करून त्याने ते शब्द रचले आणि गायला त्यालाच दिले. एका मित्राने दुसऱ्याच्या एकाकीपणाचा घेतलेला तो ठाव आहे. हे कळल्यावर मला तो आवाज वेगळाच ऐकू येऊ लागला. 'रूडी कान्ट फेल'मध्ये तर दोघे एकमेकांना साद घालत गातात, आणि पहिली बाजू इतक्या आनंदात संपते ती त्यामुळेच.

बासवादक पॉल सिमोनन याने लिहून स्वतः गायलेले एकच गाणे येथे आहे, 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन'. त्याचा आवाज सपाट आहे असा आक्षेप नेहमी येतो. तो खरा आहे, पण पोलिस दारात उभे असताना काय करशील असे विचारणाऱ्या गाण्यात तो सपाटपणा धमकीसारखा उतरतो. सफाईदार गायकाने ते गायले असते तर त्यातला धोका गेला असता. गाण्याचा खरा नायक बासची ती जड, वर्तुळात फिरणारी ओळ आहे. १९९० साली बीट्स इंटरनॅशनल या गटाने तिच्यावर आपले 'डब बी गुड टू मी' उभे केले आणि ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच गाण्याखाली एखादी ओळ तगते, हा तिच्या ताकदीचा पुरावा म्हणून मांडता येतो. याच गाण्याबाबत दुसरा एक युक्तिवाद वारंवार केला जातो की त्याने लंडनच्या ब्रिक्स्टन भागातील १९८१ च्या दंगलींचे भाकीत केले. तो जपून वापरावा. सिमोनन त्या भागात वाढला होता आणि पोलिसांबद्दलचा राग तेथे आधीपासून धुमसत होता. गाण्याने तो दाखवला. गाण्याची थोरवी पुढे काय घडले त्यावर ठरवू नये.

एकदा फक्त ड्रम ऐका

या वादात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो टॉपर हेडन. म्हणून एक पूर्ण फेरी केवळ ड्रमसाठी राखून ठेवावी: शब्दांकडे, गिटारकडे लक्ष न देता १९ ही गाणी ऐकावीत आणि प्रत्येकासमोर एकच वाक्य लिहावे. रेगे, स्का, रॉकबिली आणि सरळ रॉक या साऱ्यांत हा एकच वादक बसलेला आहे आणि कोठेही तो पाहुणा वाटत नाही. 'ट्रेन इन वेन'ची सुरुवातच त्याच्या ठेक्याने होते, आणि पहिल्या काही सेकंदांत गाणे ओळखू येते. ज्या अल्बममध्ये इतक्या शैली आहेत तो विस्कळीत का वाटत नाही, याचे माझे उत्तर हेडन हेच आहे. या फेरीनंतर बहुतेकांच्या यादीत निदान दोन गाणी जागा बदलतात. 'हेटफुल' वर सरकते असे मी अनेकदा पाहिले आहे.

शब्दांमागचा काळ जाणून घ्या

येथे वेळ द्यावा, कारण संदर्भ माहीत नसताना शब्दांवर दिलेले मत फार लवकर कोसळते. 'लंडन कॉलिंग' हे शब्द दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या परदेशी प्रसारणांच्या आरंभी उच्चारले जात; वेढल्या गेलेल्या शहराने जगाला दिलेली ती हाक होती. स्ट्रमरने ती हाक उचलली आणि तिच्याखाली १९७९ ची भीती भरली: २८ मार्च रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात झालेला अपघात, आणि थेम्सला पूर आला तर लंडन बुडेल ही धास्ती. गाण्याच्या अखेरीस गिटारमधून मोर्स संकेतात मदतीची खूण ऐकू येते. ती ज्यांनी अद्याप टिपलेली नाही त्यांनी आवाज वाढवून शेवटचे काही सेकंद पुन्हा ऐकावेत. आरंभीची प्रसारकाची हाक आणि अखेरची बुडणाऱ्याची हाक, अशी ती रचना आहे. अल्बमचे पहिले गाणे म्हणून तिला पर्याय नाही असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

'स्पॅनिश बॉम्ब्स' स्पेनच्या १९३६ ते १९३९ या यादवी युद्धाकडे पाहते आणि त्यात फेदेरिको गार्सिया लोर्का या कवीचे नाव येते, ज्याला ऑगस्ट १९३६ मध्ये ठार मारण्यात आले. त्याच वेळी गाण्यात समुद्रकाठी सुटीवर जाणारे आजचे लोकही आहेत. ध्रुवपदातील स्पॅनिश मोडकी आहे, आणि ती भाषा जाणणारे चाहते त्यावर बोट ठेवतात. हा आक्षेप मान्य करावा. मात्र गाणारा माणूस लांबून, चाळीस वर्षांच्या अंतरावरून त्या लढ्याकडे पाहत आहे. त्याच्या तोंडी अस्खलित भाषा शोभली असती का, हा प्रतिप्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यात भर म्हणजे चाल इतकी प्रसन्न आहे की मृत्यूचे उल्लेख उशिरा उमगतात. रचनेच्या प्रश्नात माझ्या लेखी दुसरा क्रमांक याचाच.

'द राइट प्रोफाइल' अभिनेता माँटगोमेरी क्लिफ्ट याच्यावर आहे. १९५६ मधील मोटार अपघातात त्याचा चेहरा जखमी झाला होता, आणि शीर्षकाचा रोख त्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूकडे आहे. हे माहीत नसेल तर स्ट्रमरचे शेवटचे बरळणे निव्वळ विक्षिप्त वाटते. माहीत असेल तर ते ऐकवत नाही, इतके बोचते.

कोणते पुरावे बाद ठरवावेत

विक्रीच्या याद्या बाद. शीर्षकगीताचे सिंगल ब्रिटनमध्ये ११व्या क्रमांकापर्यंत गेले आणि 'ट्रेन इन वेन' अमेरिकेत २३व्या, पण कंपनीने सिंगल म्हणून काय काढले यावर ते आकडे अवलंबून आहेत. 'डेथ ऑर ग्लोरी'ला ती संधीच मिळाली नाही. नियतकालिकांचे मानसन्मान बाद. अमेरिकेत अल्बम जानेवारी १९८० मध्ये निघाल्यामुळे रोलिंग स्टोनने त्याला १९८० च्या दशकातील सर्वोत्तम ठरवले. ही गोष्ट सांगायला छान आहे, पण ती संपूर्ण अल्बमबद्दल आहे आणि एकेका गाण्याबद्दल काहीच सांगत नाही. मुखपृष्ठही बाद. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये सिमोनन आपली बासगिटार मंचावर आपटत असताना पेनी स्मिथ यांनी टिपलेले ते किंचित धूसर छायाचित्र, आणि एल्व्हिस प्रेस्लीच्या पहिल्या अल्बमवरून घेतलेली रे लोरी यांची गुलाबी-हिरवी अक्षरे, यांच्यावर माझे अतोनात प्रेम आहे. तरीही वाद चालू असताना ते पाकीट उलटे ठेवावे.

'ट्रेन इन वेन'चा प्रश्न

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून तो आधीच सोडवून ठेवावा. हे गाणे एनएमई या साप्ताहिकासोबत लवचीक तबकडीवर मोफत वाटण्यासाठी होते. ती योजना फिसकटली तेव्हा अल्बमची पाकिटे छापून झाली होती, त्यामुळे गाणे शेवटी जोडले गेले पण त्याचे नाव मूळ पाकिटावर आले नाही. तबकडीच्या शेवटच्या मोकळ्या पट्टीत मात्र ते कोरलेले होते. शीर्षकाचे शब्द गाण्यात कोठेही येत नाहीत, त्यामुळे ज्यांना नाव ठाऊक नव्हते ते ध्रुवपदावरून त्याला वेगळ्याच नावाने ओळखत.

मग ते अल्बमचा भाग मानावे का? मानावे, असे माझे ठाम मत आहे, पण विरोधकांची बाजू दुबळी नाही. त्यांचे म्हणणे असे की अल्बमचा ठरवलेला शेवट 'रेव्होल्यूशन रॉक' हा होता: साडेपाच मिनिटांचे, सर्वांत लांब गाणे, जे लग्नसमारंभातल्या वाद्यवृंदासारखे हसतखेळत निरोप घेते. हे पडताळण्यासाठी चौथी बाजू एकदा 'रेव्होल्यूशन रॉक'पाशी थांबवून ऐकावी आणि एकदा पूर्ण. पहिल्या प्रकारे अल्बम उत्सवात संपतो. दुसऱ्या प्रकारे, जग, युद्ध आणि पोलिस यांच्याबद्दल तासभर गाऊन झाल्यावर एका सोडून गेलेल्या माणसाच्या दुःखावर. मला दुसरा शेवट अधिक खरा वाटतो.

मतमोजणी

पहिले दहा निवडून गुण देण्याची पद्धत टाळावी, कारण तिच्यात परिचित गाणी आपोआप वर येतात. त्याऐवजी वगळण्याची पद्धत घ्यावी. प्रत्येकाने पाळीपाळीने एक गाणे काढावे, आणि काढताना त्याच्या आधीच्या व नंतरच्या गाण्याचे त्यामुळे काय बिघडेल ते सांगावे. पहिल्या फेरीत बहुधा 'लव्हर्स रॉक' जाते, आणि त्याला वाचवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. 'फोर हॉर्समेन' त्याच्या मागोमाग निघते. 'कोका कोला'वर मात्र भांडावे: जाहिरातबाजी आणि नशा यांची सांगड घालणारे हे गाणे दोन मिनिटांच्या आत संपते, आणि 'डेथ ऑर ग्लोरी' व 'द कार्ड चीट' या दोन भारी गाण्यांमध्ये तेवढाच श्वास मिळतो.

पाच गाणी उरेपर्यंत हे चालू ठेवावे, फक्त प्रत्येक बाजूचे निदान एक गाणे राहिले पाहिजे असा नियम करावा. मते समान पडली तर ती दोन गाणी लागोपाठ वाजवावीत, नंतर क्रम उलटा करून पुन्हा वाजवावीत, आणि मगच हात वर करावेत. दुसऱ्यांदा ऐकलेले गाणे नेहमी थोडे अधिक चांगले वाटते. शेवटच्या याद्यांवर तारीख घालून त्या जपून ठेवाव्यात. माझ्या सर्वांत जुन्या यादीत 'द कार्ड चीट' १६व्या क्रमांकावर आहे आणि 'जिमी जॅझ' तिसऱ्या.